टिकटॉकची बंदी चालते, मग बियाण्याची काहून नाही?

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता, ता. केळापूर)

जिनिंगच्या काट्याच्या रांगेत परवा आमची चांगलीच जुंपली. सुरुवात कापसाच्या आयात शुल्कावरून झाली. ११ टक्के शुल्क सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढलं, आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आमचा माल घरात यायच्या वेळी परदेशी गाठीला दार सताड उघडं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि खाजगीत सात हजाराच्या आतबाहेर. एक जण म्हणाला, खुला बाजार म्हटला की हे सोसावंच लागते. त्यावर दुसरा भडकला, खुला बाजार असेल तर मले पाहिजे ते बियाणं बिलावर काहून मिळत नाही? तेवढ्यात गावातलं एक बी.एस्सी. झालेलं पोरगं म्हणालं, काका, चिनी ॲप बंद झाले तेव्हा तुम्हीच टाळ्या पिटत होते ना!

पोराचा प्रश्न मला बरोबर लागला. २९ जून २०२० ला ५९ ॲप बंद झाले. दोनच आठवड्यांपूर्वी गलवानमध्ये आपले २० जवान गेले होते, कोणाच्या मनात दुसरा विचारही आला नाही. शेअरइट, यूसी ब्राउझर मीही फोनमधून काढून टाकले. (कॅमस्कॅनरचं मात्र वाईट वाटलं. सातबारे, फेरफार सगळं त्याच्यातच ठेवायचो.) पुढं सप्टेंबरात ११८ गेले, त्यात पबजी होता. आणि आमच्या भागात दर मृगाच्या आधी काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं, म्हणजे आपली चोरबीटी, रात्री मोटारसायकलवर येते. त्याला मान्यता नाही. तरी वावरावावरात आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे मी कोणत्या बाजूचा हे शोधण्यात कोणाचा वेळ जाणार नाही. कंपनी देशी की विदेशी यावर बंदीचा निकाल लावू नये. बंदीचं कारण छापील आहे काय, दाद मागायला जागा आहे काय, आणि बंदीनंतर माल खरंच थांबतो की फक्त बिलाबाहेर जातो, एवढं पाहावं. आता बोला.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पबजी बंद झाला तं माया पोरगा दोन दिवस जेवला नाही. मंग तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, कोरियाच्या कंपनीचा. मंग तोही बंद झाला. मंग पुन्हा चालू झाला. आता तो जेवते पण फोन हातात घेऊनच जेवते. सरकारनं बंदी घातली का सुट्टी देल्ली तेच समजत नाही राजा.

लाल_बिल्ला

एकाधिकार खरेदी इथल्या किती जणांना आठवते? १९७२ पासून साधारण तीस वर्षं या राज्यातल्या कास्तकारानं कापूस सरकारलाच घालायचा. व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. ग्रेडर म्हणेल तो ग्रेड. चुकारे हप्त्याहप्त्यानं, एक या दिवाळीला तर दुसरा पुढच्या पोळ्याला. आणि पाटणबोरीच्या पुढं पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा बाजार, तिथं रोख.

मी रात्री बंडीनं कापूस पलीकडं नेलेला माणूस आहे, आता सांगायला हरकत नाही. बैलांच्या घुंगरमाळा काढून घरी ठेवायच्या, कंदील विझवायचा, पाण्यातून उतरताना चाकाचा आवाज होऊ नये म्हणून आखाला तेल जरा जास्तच घालायचं. पलीकडं पोचलो की आडत्याच्या ओट्यावर चहा मिळायचा आणि त्याच चहासोबत भाव सांगितला जायचा. स्वतःच्या वावरात पिकवलेला माल विकायला ही तऱ्हा.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या, बाजाराचं स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य. मी ते ॲपलाही लावतो. टिकटॉक चिनी असो की चंद्रावरचा, वापरायचा की नाही हे वापरणारा ठरवेल. तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

देशाभिमानी_७७

जवान शहीद होतात आणि यांना स्वातंत्र्य सुचतं. चीनचा माल घेणाऱ्यांची यादीच केली पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

यादी कोण्या मोबाईलवर करू रायले भाऊ? कंपनी पाहून घ्या एकदा.

आर्वीकर_पुण्यात

लाल_बिल्ला काका, तुमचं पैनगंगेचं वाचून अंगावर काटा आला, पण तो दाखला इथं लागू होत नाही असं मला वाटतं. मी ॲपच्याच क्षेत्रात नोकरी करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बियाणं एकदा पेरलं की ते कंपनीला काही कळवत नाही. ॲप रोज कळवतं. तुम्ही कुठं आहात, कोणाशी बोलता, काय पाहता आणि कशावर थांबता, हे सगळं त्याच्या मालकाकडं जातं. शिवाय मालक ते दुरून बदलू शकतो. आज उतरवलेलं ॲप आणि सहा महिन्यांनंतरचं ॲप एकच असेल असं नाही. २०१७ च्या चिनी कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांनी सरकारच्या गुप्तचर कामाला मदत करणं बंधनकारक आहे. तेव्हा प्रश्न बाजाराचा राहत नाही. ग्राहकाला ज्याची पारख करताच येत नाही त्या धोक्याबद्दल ग्राहक कसा ठरवणार? मुक्त बाजाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ, त्यानंसुद्धा इंग्लंडच्या जहाज वाहतुकीत परकीयांना अडवणाऱ्या कायद्याची बाजू घेतली होती. संरक्षण संपत्तीच्या आधी, असं त्याचं म्हणणं.

अमेरिकेनंही शेवटी तेच केलं ना. २०१९ ला हुआवे या चिनी कंपनीला काळ्या यादीत टाकलं. २०२४ ला टिकटॉकच्या चिनी मालकानं कंपनी विकावी नाहीतर बंद व्हावं असा कायदा झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो एकमतानं उचलून धरला. भाषणस्वातंत्र्याचं एवढं कौतुक असलेल्या देशात.

झाडीपट्टीचा_गडी

आर्वीकर दादा, तुमचं बरोबर असेल. पण टिकटॉक गेल्यावर गावात काय झालं ते पुण्यातून दिसलं नसेल.

आमच्या वडसा भागात नाटकवाली मंडळी भरपूर. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, बाकी वर्ष धानाचं. टिकटॉकवर आमच्या खलनायकाचं काम करणाऱ्या काकाचे डायलॉग लोक पाहत होते, पार छत्तीसगडपर्यंत. त्याला इंग्रजी येत नाही, फोटो कापायला येत नाही. ते ॲपच असं होतं की उघडलं, बटण दाबलं, झालं. देशात २० कोटींच्या आसपास लोक त्याच्यावर होते म्हणतात. एका रात्रीत त्याचे पाहणारे गेले. नुकसानभरपाई वगैरे बात सोडा, निरोप द्यायलाही वेळ मिळाला नाही.

देशी ॲप म्हणून मोज आलं, जोश आलं, चिंगारी पण होतं. काका तीन ठिकाणी गेला. शेवटी सगळे कुठं जमले? इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूब शॉर्ट्सवर. रील्स तर बंदीनंतर पंधरा दिवसांच्या आत भारतात आलं. म्हणजे चिनी दुकान बंद करून गिऱ्हाईक अमेरिकन दुकानात नेऊन बसवलं. याला आत्मनिर्भर म्हणायचं असेल तर म्हणा.

देशाभिमानी_७७

अमेरिका आपल्या सीमेवर सैनिक मारत नाही.

झाडीपट्टीचा_गडी

मान्य. पण मग तसंच सांगायचं ना, की शत्रूचं ॲप म्हणून काढलं. देशी ॲप वाढतील हे गाजर कशाला दाखवलं?

गुरुजी_पुसद

दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होते आहे, ती आधी सोडवू.

चोरबीटीवर बंदी ती विदेशी आहे म्हणून नाही. तिला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी नाही म्हणून ती बेकायदा. परवानगी का नाही, ही गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. २००२ ला बोंडअळीला मारणारा बीटी कापूस आला, २००६ ला दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला. त्यानंतर केंद्रानं २०१५ च्या डिसेंबरात किंमत नियंत्रणाचा आदेश काढला आणि २०१६ च्या हंगामाला बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपये ठरवलं, त्यात तंत्रज्ञानाचं शुल्क ४९ रुपये. त्याच वर्षी तंत्रज्ञान देशी बियाणे कंपन्यांना सक्तीनं वाटायला लावणारा मसुदा आला. मग मोन्सॅन्टोच्या इथल्या भागीदार कंपनीनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्जच मागं घेतला. सरकारनं बंदी घातली नाही आणि कंपनीनं माल दिला नाही. २००६ नंतर आपल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, बोलगार्ड-२ च्या पुढचं कायदेशीर तंत्रज्ञान आलेलं नाही, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोलगार्ड-२ ला जुमानलं नाही हे आपण सर्वांनी बोंडं फोडून पाहिलं आहे.

दुसरं, विदेशी कंपनी घालवण्याचा प्रयोग आपण आधी केला आहे. १९७७ ला जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलन कायद्याखाली भागभांडवल ४० टक्क्यांवर आणा म्हटल्यावर कोका-कोला निघून गेली, पाठोपाठ आयबीएम. रिकाम्या जागेत थम्स अप वाढलं, चांगलं वाढलं. १९९३ ला कोका-कोला परत आली आणि थम्स अपच विकत घेतलं. सोळा वर्षांचं संरक्षण, आणि फळ कोणी खाल्लं ते बाटलीवर वाचा.

याच्या उलट चीन. फेसबुक, ट्विटर २००९ पासून बंद, गूगलचं सर्च २०१० ला निघालं. आत त्यांनी स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या आणि त्यातलीच एक आज अमेरिकेला डोकेदुखी झाली. गंमत म्हणजे टिकटॉक खुद्द चीनमध्ये मिळत नाही, तिथं त्याचं वेगळं रूप आहे, डोयिन नावाचं. तेव्हा बंदीनं देशी उद्योग वाढतच नाही असं लाल_बिल्ला यांनी म्हणू नये. वाढतो. पण त्यासाठी जी किंमत चिनी माणूस मोजतो ती आपल्याला मोजायची आहे का? तिथं आपला हा धागा दुपारपर्यंतही टिकला नसता.

ड्रोनवाली_ताई (जि. वाशीम)

सगळे पुरुष मंडळी ॲपवर भांडत आहेत, मी जरा यंत्रावर बोलते. आमच्या बचत गटाला ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळाला. ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त आठ लाख. फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. सुटे भाग मात्र आणता येतात.

आता माझ्या ड्रोनची हकीकत. वरून देशी कंपनीचं नाव, तिरंगी पट्टी. मागच्या खरिपात तुरीवर फवारणी करताना एक मोटर गरम होऊन बसली. दहा लिटरची टाकी भरलेली, यंत्र वाकडं होऊन धुऱ्यावर उतरलं. झाकण उघडलं तर मोटरवर चिनी अक्षरं, उडवणाऱ्या मेंदूवर चिनी अक्षरं, फक्त टाकी आणि पाय आपले. कंपनीला फोन केला तर म्हणे भाग बाहेरून येतो, तीन आठवडे लागतील. तीन आठवड्यांत अळी थांबते का? ज्यांची फवारणी ठरली होती त्यांनी पाठीवरचे पंप काढले. मजुराला ४०० रुपये रोज देऊन पुन्हा तेच.

मी बंदीच्या विरोधात नाही. सीमेजवळ कोणाचा ड्रोन काय टिपतो ते सरकारला बघावंच लागेल. पण २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजूर गेले. माणूस औषधापासून दूर ठेवणारं यंत्र आम्हाला हवंच आहे. बंदी आणली त्या दिवशीच सुट्या भागाचा साठा तालुक्याला ठेवायची अट कंपनीवर टाकली असती तर काय बिघडलं असतं?

आर्वीकर_पुण्यात

ताई, तुमचा मुद्दा पटला. पण सुटे भाग तिकडचेच आहेत हेच अवलंबून राहण्याचं संकट आहे. उद्या त्यांनीच द्यायचे बंद केले तर?

आणि हे फक्त चीनचं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपनं रशियाशी संबंध म्हणून नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध घातले, तर मायक्रोसॉफ्टनं त्यांची सेवा अचानक थांबवली. भारतातली कंपनी, पैसे भरलेले, आणि स्वतःच्याच ईमेलला कुलूप. त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा सुरू झाली. त्यांचे पेट्रोलपंप आपल्याकडंही आहेत. मुक्त बाजारात विकत घेतलेली गोष्ट दुसऱ्या देशाच्या सरकारच्या शब्दावर बंद पडते, काका. यावर तुमचं तत्त्वज्ञान काय सांगतं?

लाल_बिल्ला

सांगतं, की एकाच दुकानदारावर विसंबू नका, चार दुकानं असू द्या. बंदीनं दुकानं कमी होतात, वाढत नाहीत. झाडीपट्टीच्या गड्यानं दाखवलंच की, टिकटॉक गेलं, देशी तीन मागं पडले, आता दोन अमेरिकन उरले.

आणि धोका आहे म्हणता तर दाखवा. ॲपमध्ये काय सापडलं, कोणाची माहिती कुठं गेली, एक कागद तरी लोकांसमोर ठेवला का? अमेरिकेत निदान खटला चालला, कंपनीचा वकील उभा राहिला, न्यायाधीशांनी कारणं लिहिली. आपल्याकडं?

आर्वीकर_पुण्यात

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर बंद करू शकतं. २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं, कारण त्यात समिती आहे, लेखी कारणं आहेत. अडचण २००९ च्या नियमांत आहे. नियम १६ म्हणतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. त्यामुळं प्रसिद्धीपत्रक आलं, ॲपची यादी आली, पण आदेश आणि त्यामागचा पुरावा लोकांनी पाहिलेला नाही. जानेवारी २०२१ ला त्या ५९ ॲपची बंदी कायम झाली. तीही तशीच.

इथं मी काकांच्या बाजूला आहे. बंदी हवी. पण पुराव्यातला जेवढा भाग उघड करता येतो तेवढा करायला हवा.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे आर्वीकर अर्धे इकडं अर्धे तिकडं. वर्धा नदीवर घर बांधा दादा.

पऱ्हाटीवाला

चर्चा छान चालली आहे. मी तिसऱ्या मुद्द्यावर येतो, कारण तो कोणी उचलला नाही. बंदीनंतर माल बिलाबाहेर गेला तर मरतो कोण?

चोरबीटीचं पाकीट ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: चकचकीत छापलेलं असते, वर काहीतरी भलतंच नाव, कंपनीचा पत्ता अर्धवट, लॉट नंबरच्या जागी खाडाखोड. भाव अधिकृत पाकिटापेक्षा जास्त. घेणारा घेतो, कारण निंदणाला बाया मिळत नाहीत आणि जुलैच्या झडीत तण काढायचं डवरं वावरात जात नाही. उगवलं तर वा वा. आमच्या शेजाऱ्याचं दोन वर्षांमागं तीन एकरात निम्मंही उगवलं नाही. बिलाचं बियाणं असतं तर तालुका तक्रार समिती आली असती, पंचनामा झाला असता, कंपनीच्या मागं लागता आलं असतं. इथं तक्रार केली तर आधी त्यालाच विचारतील, आणलं कुठून? पुन्हा पेरणीचा खर्च त्याच्याच बोडक्यावर. विकणारा पोरगा पुढच्या मृगाला पुन्हा गावात हजर.

२०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं हेच बियाणं उघडपणे, सांगून सवरून पेरलं. तेव्हा पर्यावरण कायद्यात पाच वर्षं कैद आणि एक लाख दंड होता. तरी लोक आले, कारण लपून पेरण्यापेक्षा ते बरं वाटलं. बियाणं घातक असेल तर सरकारनं चाचणी पूर्ण करून तसं सांगावं, आम्ही ऐकू. घातक नसेल तर बिलावर द्यावं. हे वर्षानुवर्षं लटकवून ठेवणं कोणाच्या सोयीचं आहे? पाकीट छापणाऱ्याच्या.

टिकटॉकमध्ये निदान माल खरंच बंद झाला. म्हणून ती बंदी मला या बंदीपेक्षा बरी वाटते, तिचं कारण छापील नसलं तरी.

गुरुजी_पुसद

पऱ्हाटीवाले, एक शंका. बिलावर मिळायला लागलं की ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर बेसुमार वाढेल. तुरीची, मुगाची आंतरपिकं जातील, कारण ते औषध पऱ्हाटी सोडून काहीच सोडत नाही. निंदणावर पोट असलेल्या बायांचं काय, हेही विचारात घ्या. खुला बाजार त्यांचा हिशोब कुठं धरतो?

ड्रोनवाली_ताई

गुरुजी, निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून तर लोक ते पेरतात. ज्या मिळतात त्यांना भाव चांगला आहे. त्यांना निंदणातच ठेवायचं असेल तर त्यांना विचारून ठेवा. माझ्या गटातल्या चौघी निंदण सोडूनच ड्रोनवर आल्या.

गुरुजी_पुसद

हे बरोबर बोललात. आंतरपिकाची शंका मात्र कायम.

लाल_बिल्ला यांना शेवटचं. तुम्ही ज्या खुल्या बाजाराची आरती करता तो आहे कुठं? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतकी मदत देत होती की ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ ला अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मदत घेऊन पिकवलेली गाठ बिनशुल्क आपल्या गिरणीत येणार आणि आपण मुक्त व्यापाराचे गोडवे गायचे?

लाल_बिल्ला

गुरुजी, तेवढं कळतं. जोशींनी उणे सबसिडी म्हणून जे मांडलं ते हेच, तिकडं सरकार देतं आणि इकडं सरकार काढून घेतं. मी शुल्क लावू नका म्हणत नाही. पण बंदीचं हत्यार एकदा हातात दिलं की ते कोणावर चालतं ते बघा. मार्च २०१२ मध्ये सरकारनं कापसाची निर्यातच बंद केली. तेव्हा आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण होता? चीन! गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे होती म्हणून आमचा चिनी गिऱ्हाईक घालवला. ॲप बंद करताना चीन शत्रू, आणि आमचा कापूस घ्यायला आला तरी दार बंद. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही.

आर्वीकर_पुण्यात

काका, पण त्या बंदीची अधिसूचना निघाली होती, छापील, तारखेसकट. म्हणूनच गुजरात-महाराष्ट्रातून ओरड झाली, केंद्रातले मंत्रीसुद्धा विरोधात बोलले, आणि काही दिवसांतच ती सैल करावी लागली. ६९-अ च्या आदेशावर असं भांडायचं म्हटलं तर आधी आदेश हातात पाहिजे.

लाल_बिल्ला

हे मात्र खरं. कागद दिसला म्हणून आम्ही रस्त्यावर उतरू शकलो.

पऱ्हाटीवाला

मग आपल्या तालुक्याच्या बाजूनं एवढं तरी मागू या. बियाणं मूल्यमापन समितीपुढं कुठं अडलं आहे ते दर हंगामाआधी कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लावा, आणि ताईंच्या मोटरचा सुटा भाग जिल्ह्याला ठेवा. मजकूर मी लिहितो. गुरुजी, शुद्धलेखन तुम्ही पाहा, आणि आंतरपिकाची तुमची शंका त्यात वेगळी टाका, मी गाळणार नाही. सोमवारी तहसीलला कोण येतं?

वऱ्हाडी_ठेचा

सोमवारी माया सीसीआयचा (सरकारी कापूस खरेदीचा) नंबर हाय, त्या कपास किसान ॲपवर लय मुश्किलीनं लागला. मंगळवारी ठेवा.